वर्गणीच्या वहीला पॅन कुठून आणायचा?

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

करी रोड, मुंबई
जानेवारी २०२६

महोदय,

मी करी रोडच्या एका चाळीतल्या ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार. वय सदुसष्ट, कारकुनीतून निवृत्त. खजिनदारी गेली अकरा वर्षे माझ्या गळ्यात आहे, कारण दर निवडणुकीच्या सभेत ‘खजिनदार?’ असे विचारले की सगळे माझ्याकडे बघतात आणि चहा येतो.

ग्रामस्थ मंडळ म्हणजे काय, हे दिल्लीत कोणाला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे सांगतो. संगमेश्वर, लांजा, राजापूर, दापोली या बाजूची माणसे गिरण्यांत कामाला आली, तेव्हा एकेका गावाने लालबाग-परळ पट्ट्यात एक खोली धरली. नवा आलेला पोरगा त्या खोलीत पथारी टाकायचा आणि नोकरी लागली की महिन्याला वर्गणी द्यायचा. कोणी आजारी पडला, कोणाला गावी पोहोचवायचे झाले, गावच्या शाळेला फळा हवा असला, तर पैसे त्या वर्गणीतून जायचे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मिटेचना, तेव्हा आमच्या मंडळाने वर्गणी माफ केली आणि होत्या त्या शिलकीतून गावी वाडीवाडीवर तांदूळ पोहोचवला. ती नोंद वहीत आहे, पोत्यांची संख्या, हमाली आणि एस.टी.च्या टपावरचे लगेजभाडे यांसकट. पुढे गिरण्या गेल्या. माणसे नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे पांगली. खोली तेवढी राहिली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे सभा भरते.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा येत्या १ एप्रिलपासून लागू होतो आहे. कलमांचे आकडे बदलणार, फॉर्म बदलणार, नियम नव्याने लिहिले जाणार. म्हणून आत्ताच लिहितो. एकदा फॉर्म छापून झाले की आमचे म्हणणे ऐकून उपयोग नाही.

आधी एक गैरसमज नको. हिशेब द्यायला आमची ना नाही. आमच्या वार्षिक सभेला आपण एकदा यायला हवे होते. जमाखर्च मी उभा राहून वाचतो, ओळीने वाचतो आणि खोलीत चाळीस माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असतात. गेल्या वर्षी मी ‘टेम्पो भाडे, परळ ते करी रोड, ९०० रुपये’ असे वाचले, तर मागच्या भिंतीला टेकून बसलेले तात्या म्हणाले, ‘थांबा. खुर्च्या किती होत्या?’ मी म्हटले, ‘साठ.’ ‘साठ खुर्च्यांना टेम्पो? हातगाडीवर आल्या असत्या.’ वीस मिनिटे त्यावर चर्चा झाली. शेवटी टेम्पो ठरवणाऱ्या चिटणिसाने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढची ओळ वाचायला मला परवानगी मिळाली. नऊशे रुपयांसाठी एवढी झडती आपल्या कुठल्याही अधिकाऱ्याने आजवर आमची घेतलेली नाही. तेव्हा हिशेबाला आम्ही घाबरत नाही. आमची तक्रार आहे ती या हिशेबाला आपण चढवलेल्या सरंजामाबद्दल.

आमची वर्षाची जमा सात-आठ लाखांच्या घरात असते. मासिक वर्गणी, हिवाळ्यात एक धर्मादाय प्रयोग (नमन किंवा शक्ती-तुरा, म्हणजे आमच्याकडची लोककला) आणि त्या निमित्ताने निघणारी स्मरणिका. एवढ्या कारभारासाठी आम्हाला काय करावे लागते? मंडळाला करमाफी मिळावी म्हणून १२-एबीची नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून ८०-जीची वेगळी मान्यता, फॉर्म १०-बीबीमध्ये ऑडिट, आयटीआर-७ हे विवरणपत्र, देणगीदारांची यादी देणारा १०-बीडी, प्रत्येक देणगीदाराला द्यायचे १०-बीई प्रमाणपत्र, आणि १७-एए या नियमाप्रमाणे वह्या, बिले, देणगीदारांचे तपशील दहा वर्षे जपून ठेवणे. शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या रुग्णालयाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ट्रस्टला जवळपास हेच करावे लागते. त्यांच्याकडे त्यासाठी एक मजला असतो. आमच्याकडे एक पत्र्याचे कपाट आहे आणि एक सीए, जो गावचा जावई असल्यामुळे फी कमी घेतो.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यात आधी देणगीदाराचे नाव आणि पॅन.

१०-बीडीमध्ये प्रत्येक देणगीदाराचा ओळख क्रमांक भरायचा असतो. पॅन, आधार, नसेल तर पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, अगदी रेशनकार्डसुद्धा चालते असे म्हणतात. फॉर्मवर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात मी विरारला एका घरी पावती फाडायला जातो. म्हातारी आतून डब्यातून एकशे एक रुपये काढून आणते, हातावर ठेवते आणि म्हणते, ‘शाळेच्या कौलांना घाला.’ आता मी तिला म्हणायचे, मावशी, आधार कार्ड दाखवा. पहिल्या वर्षी मी खरेच म्हटले. तिने पैसे परत घेतले नाहीत, पण आधारही दिले नाही. सुनेने दारातून विचारले, ‘बँकेतून आलात काय?’ हल्ली आधारच्या नावाने फोनवरून कोण कोण लुबाडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती चुकीचे काय बोलली?

त्यातून हा सगळा खटाटोप कोणासाठी? ८०-जीची सवलत देणगीदाराला मिळावी म्हणून. ती मिळते कोणाला? २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आणि तिच्यात ८०-जीची वजावट नाही. आमच्या वर्गणीदारांपैकी जे नोकरीत आहेत त्यांनी बहुतेकांनी नवी प्रणाली घेतली, बाकीचे पेन्शनर, रिक्षावाले, घरकामाला जाणाऱ्या बाया, ज्यांचा आयकराशी संबंधच येत नाही. शिवाय रोखीने दोन हजारांवर दिले तर सवलत मुळात मिळतच नाही. म्हणजे ज्याला सवलत नको आहे त्याचा पॅन आम्ही मागायचा, तो आपल्याला कळवायचा आणि कळवायला उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क भरायचे. गेल्या एका वर्षी आम्हाला १९ दिवस उशीर झाला. ३१ मे मुदत, आम्ही १९ जूनला भरले, कारण मे महिन्यात अर्धी कार्यकारिणी गावी असते आणि गावी रेंज मिळवायला सड्यावर चढावे लागते. ३,८०० रुपये. सभेत ती ओळ वाचताना तात्या काहीच बोलले नाहीत. टेम्पोवर वीस मिनिटे भांडणारा माणूस गप्प बसला, हे मला जास्त लागले.

राजकीय पक्षांचा विषय काढायचा नाही असे ठरवले होते, पण राहवत नाही. वीस हजार रुपयांपर्यंतची देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही. एकशे एक रुपये देणाऱ्या मावशीचा मात्र ओळख क्रमांक हवा. यावर मी पुढे काही लिहीत नाही.

याच्याच पोटातला दुसरा मुद्दा गुप्तदानाचा. प्रयोगाच्या दिवशी दारात एक डबा असतो. त्यात कोण काय टाकतो ते आम्ही बघत नाही, बघूही नये. आमच्याकडे उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू देत नाहीत. कायद्याच्या भाषेत ही निनावी देणगी. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांत जे जास्त तेवढ्यापर्यंत ती चालते, त्यावर गेली की सरळ ३० टक्के कर. आमचा डबा अजून त्या मर्यादेच्या आत आहे, हे कबूल करतो. पण हा एक लाखाचा आकडा २००९ च्या अर्थसंकल्पातला आहे. तेव्हापासून नाट्यगृहाचे भाडे, कौलाचा दर, एस.टी.चे तिकीट, सगळे किती पटींनी चढले ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. आकडा तिथेच बसून आहे.

आता ३१ मार्च. हा मुद्दा जरा नीट ऐकावा, कारण हा कोणाच्या दुष्टपणाचा नाही, फक्त पाऊस कुठे केव्हा पडतो याकडे लक्ष न दिल्याचा आहे.

आमचे प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्याआधी दिवाळी, त्यानंतर शिमगा आणि परीक्षा. तिकिटे, म्हणजे देणगी प्रवेशिका, दोनशे, तीनशे आणि पाचशेच्या. (पाचशेपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या प्रवेशाला जीएसटी नाही. ही एक बरी गोष्ट आहे, आणि आम्ही पाचशेच्या वर जात नाही ते त्यामुळेच.) पैसे हातात येतात फेब्रुवारीच्या अखेरीस. आणि गावातले छपराचे काम निघते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा सुतार मोकळा असतो, चाकरमानी सुट्टीवर गावी असतात आणि श्रमदानाला हात मिळतात. मृगाच्या आत वासे, रीपा बदलून कौले परत चढवायची असतात. पैसे फेब्रुवारीत, काम मेमध्ये. मध्ये ३१ मार्च. सध्याच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षात खर्च झाले पाहिजेत. नाही झाले तर पुढच्या वर्षी खर्च करतो असे सांगायला आणखी एक फॉर्म आहे, ९-ए, आणि एकाहून जास्त वर्षांसाठी साठवायचे तर १० नंबरचा. त्यांनाही मुदत. एक चुकला की शाळेच्या कौलांचे पैसे हे मंडळाचे करपात्र उत्पन्न.

एका वर्षी या भीतीने आम्ही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कौले आणून टाकली. शाळा भरलेली. मुलांना देवळाच्या सभामंडपात बसवले, तिथे महिनाभर वर्ग चालला, आणि कौले अंगणात पडून राहिली, त्यातली किती फुटली याचाही हिशेब मला सभेत द्यावा लागला. मुलांनी रोज तुडवलेला तो सभामंडप आम्हाला स्वच्छ करून रंगवून द्यायचा होता. पण ८०-जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर खर्च करता येत नाही, आणि आमचा सीए म्हणाला, देवळाला रंग म्हणजे धार्मिक. आमच्या गावात शाळा आणि देऊळ यांच्यामध्ये एक पाणंद आहे, सहा पावलांची. शेवटी रंगाचे पैसे कार्यकारिणीने आपापल्या खिशातून घातले.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले ती सांगतो.

२०२१ मध्ये आपण सगळ्या जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करायला लावली. आमची जुन्या पद्धतीची १२-ए नोंदणी १९८६ ची, तोवर कायमची होती. ती एका फटक्यात संपली आणि सगळ्यांनी फॉर्म १०-ए भरावा असा हुकूम निघाला. २०२१ ची पावसाळ्याआधीची ती वेळ आठवा. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या मंडळातली सात माणसे त्या दोन वर्षांत गेली, त्यांत त्या वेळचे चिटणीसही. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल एका होतकरू पोराचा होता, ज्याने पूर्वी सायबर कॅफेत बसून आम्हाला ते सगळे करून दिले होते. तो दरम्यान मस्कतला कामाला गेला. आपले मेल त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिले. आम्हाला पत्ता नाही.

आपण मुदत वाढवलीत. आधी ३० जून २०२१ होती, ती ३१ ऑगस्ट झाली, मग ३१ मार्च २०२२, मग २५ नोव्हेंबर २०२२, मग ३० सप्टेंबर २०२३, शेवटी ३० जून २०२४. पाच वेळा. त्याबद्दल आभारच मानतो, कारण पाचवी मुदतवाढ नसती तर आम्ही बुडालो होतो. आमच्या चिटणिसाचा भाचा एका सीएकडे आर्टिकलशिप करतो. जून २०२४ च्या चौथ्या आठवड्यात तो खोलीवर सहज आला आणि कपाटातली फाइल चाळताना विचारता झाला, ‘तुमचे १०-ए कुठे आहे?’ त्यानंतरचे तीन दिवस मला जन्मभर लक्षात राहतील. पासवर्ड कोणाला आठवत नव्हता. ओटीपी जायचा मस्कतच्या पोराच्या भारतातल्या सिमवर, आणि ते सिम विरारला त्याच्या आईच्या स्टीलच्या डब्यात होते. मी आणि भाचा लोकल पकडून गेलो, डबा उघडला, सिम माझ्या फोनमध्ये घातले, रिचार्ज मारले. २८ जूनला अर्ज गेला.

नसता गेला तर? २०२३ पासून नियम असा आहे की नोंदणीचा अर्ज मुदतीत न करणारी संस्था जणू धर्मादायपणा सोडून गेली असे धरायचे आणि तिच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर कमाल दराने कर लावायचा. आमच्याकडे बँकेत लाख-दोन लाख असतात. त्यावर कर लावून कोणाचे पोट भरणार नाही. पण मंडळाची ती जुनी खोली आहे, १९९१ मध्ये विकत घेतलेली. जुनी चाळ, आजूबाजूला टॉवर उभे राहिलेले, पुनर्विकासाच्या बैठका सुरू. त्या एकशे वीस फुटांना आज काय भाव सांगतात ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांचे डोळे फिरतील. ज्या खोलीत आमच्या बापांनी पाळीपाळीने झोप काढली, रात्रपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीवाला, ती खोली एका न पाहिलेल्या ई-मेलपायी विकावी लागली असती. चोरी नाही, अफरातफर नाही, एका पैशाचा गैरवापर नाही. फक्त अर्ज राहिला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला, हे मला माहीत आहे. चांगले झाले. पण माफी मागायची तरी चूक झाल्याचे कळायला हवे ना?

आणि एवढे करून मिळालेली नोंदणी किती काळाची? पाच वर्षांची, पण मोजायची २०२१-२२ पासून. म्हणजे ३१ मार्च २०२६ ला संपणार, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत. सव्वा वर्षात पुन्हा तीच वारी. या वेळी आम्ही वेळेत गेलो. मग एका कार्यालयातून प्रश्नावली आली, इंग्रजीत, ई-मेलवर, उत्तराला आठवडा. तीन वर्षांचे हिशेब, कामांचे फोटो, लाभार्थींची यादी, मोठ्या खर्चाची बिले, आणि मंडळाच्या घटनेचा इंग्रजी तर्जुमा. आमची घटना मराठीत टंकलिखित आहे, तिच्यात ‘अडलेनडलेल्या गावबंधूस हात देणे’ असा एक उद्देश आहे. त्याचे इंग्रजी करताना भाच्याने डोके धरले. त्याने जे काही लिहिले त्यावरून आम्ही एखादी सावकारी पेढी वाटतो, असे माझे मत पडले. या अर्जाचा निकाल हे पत्र लिहीपर्यंत हातात आलेला नाही.

लहान संस्थांची नोंदणी आता दहा वर्षांसाठी देण्याची तरतूद २०२५ च्या वित्त कायद्यात झाली आहे. मात्र तिथे लहान म्हणजे पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेली. पाच कोटी! साहेब, आमच्यात आणि त्या रेषेत अख्खा कोकण बसेल.

आजारपणाचेही सांगायला हवे. हे मंडळाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. दोन वर्षांपूर्वी गावच्या एका कुटुंबातला पोरगा मोटारसायकलवरून पडला. परळला दाखल केले. व्हॉट्सॲपवर निरोप फिरला आणि दोन दिवसांत तीन लाख चाळीस हजार जमले. लोकांनी थेट त्याच्या बापाच्या खात्यावर पाठवले, कारण त्या वेळी मंडळाकडे क्यूआर कोड नव्हता. आता कायदा काय म्हणतो? नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात पन्नास हजारांवर रक्कम मिळाली तर ती सगळी त्या माणसाचे उत्पन्न. ही मर्यादा २००६ पासून तीच आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत आली तर सूट, पण रात्री दीड वाजता आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या बापाला हे कोणी सांगायचे? कोरोनाच्या उपचारासाठी मिळालेल्या मदतीला आपण करातून सूट दिलीत. म्हणजे लोकांनी एकमेकांच्या दवाखान्याचे बिल भरले तर ते उत्पन्न नव्हे, हे आपल्याला एकदा पटले होते. कोरोनाला लागू, डोक्याच्या दुखापतीला नाही, कॅन्सरला नाही, डायलिसिसला नाही, असे का?

सरकारला साध्या शब्दांत लिहिता येत नाही असे नाही. ११ ऑक्टोबर २०१९ चे एक परिपत्रक माझ्या फाइलमध्ये आहे, आपल्या शेजारच्या, म्हणजे अप्रत्यक्ष कर मंडळाचे. देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तर जीएसटी लागतो का, असा प्रश्न होता. उत्तरात उदाहरणेच दिली आहेत: कोणी मालती देवी वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देते आणि देवळाच्या दारावर किंवा फरशीवर तसे कोरले जाते. धंद्याची जाहिरात नसेल, फक्त कृतज्ञता असेल, तर जीएसटी नाही. दोन पानांचा कागद. आमच्या गावच्या शाळेत बाकावर ‘कै. आईच्या स्मरणार्थ’ असे रंगवलेले आहे. ते परिपत्रक वाचले आणि मी निर्धास्त झालो. ज्याने कोणी ते लिहिले त्याने कधीतरी एखाद्या देवळाच्या पायरीवरचे नाव वाचले असणार. नवे नियम लिहिणाऱ्यांत असा एखादा माणूस असावा, एवढीच अपेक्षा.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

वर्षाला दहा लाखांपर्यंत जमा असलेल्या मंडळांसाठी वेगळा वर्ग करावा. त्यांची नोंदणी एकदाच व्हावी आणि गैरप्रकार सापडेपर्यंत चालू राहावी. वर्षाला एक पानाचे विवरण, मराठीत भरता येईल असे. धर्मादाय आयुक्तांकडे जो तपासलेला हिशेब आम्ही देतोच, तोच आपण मान्य करावा. एकाच वहीचे दोनदा ऑडिट कशाला?

एका माणसाकडून वर्षात दोन हजारांपर्यंत आलेल्या देणग्यांसाठी पावतीवरचे नाव आणि पत्ता पुरे मानावा. १०-बीडीच्या जागी जो फॉर्म येईल त्यात अशा देणग्यांची एकूण रक्कम एका ओळीत दाखवू द्यावी. ज्याला ८०-जीची वजावट हवी असेल तो स्वतःहून पॅन देईल. निनावी देणगीची एक लाखाची मर्यादा वाढवावी आणि महागाईशी जोडावी. पन्नास हजारांच्या मर्यादेचेही तेच. आणि उपचारासाठी रुग्णालयाच्या बिलापुरती लोकांकडून आलेली मदत, आजार कोणताही असो, उत्पन्न धरू नये.

जानेवारी ते मार्चमध्ये जमलेले पैसे पुढच्या वर्षी खर्च केले तर लहान मंडळांना वेगळा फॉर्म न भरता ते चालावे.

अर्ज राहिला म्हणून मालमत्तेवर कर, हा नियम लहान संस्थांना लागू करू नये. दंड करा, हवा तर सभेत वाचायला लागेल असा करा. आणि नोंदणी संपण्याआधी दोन पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश आणि खोलीच्या पत्त्यावर टपालाने एक कागद पाठवावा, मराठीत. आमच्या खोलीला दार आहे, दाराला पत्रपेटी आहे आणि पोस्टमन अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमचा नमनाचा प्रयोग आहे. या वर्षीचे पैसे शाळेच्या मागच्या भिंतीसाठी आहेत, ती गेल्या पावसात खचली. चिरे मिळतील एप्रिलमध्ये, गवंडी मोकळा होईल मेमध्ये. तिकिटे संपत आली आहेत, म्हणजे मार्च उजाडताना अडीच-तीन लाख रुपये माझ्या ताब्यात असतील, आमची जुनी नोंदणी ३१ तारखेला संपेल, आणि १ एप्रिलला नवा कायदा सुरू होईल. त्या पैशांसाठी मी कोणता फॉर्म भरायचा, जुन्या कायद्यातला की नव्या, एवढे तरी त्याआधी कळवावे.

आपला,
एका ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार